आई बसली की गाडी मिसिंग मारते

बाबांची मोटारसायकल माझ्यापेक्षा वयानं मोठी आहे. पांढरकवड्याला गुरांच्या सरकारी दवाखान्यात ते पशुधन पर्यवेक्षक म्हणून लागले, तेव्हा त्यांनी ती घेतली. काळा रंग, टाकीवर चंदेरी पट्टा, किक मारून चालू होणारी. तिकडच्या कोलामांच्या पोडांवर आणि बंजाऱ्यांच्या तांड्यांवर तेव्हा एस.टी. जात नव्हती, आणि आजारी गाय काही चालत दवाखान्यात येत नाही. बाबा गाडीला लसीची पेटी बांधून जंगलातल्या वाटेनं तिच्यापर्यंत जायचे. लोक त्यांना ढोराचे डॉक्टर म्हणायचे. पुढे बदली होऊन ते आर्णीला आले, इथंच घर बांधलं, इथूनच निवृत्त झाले. घरातलं बाकी सगळं सामान बदललं, गाडी तेवढी तीच राहिली.

आई अंगणवाडी सेविका होती. तिचं माहेर फुलसावंगीचं. तिला बस लागते, कार त्याहून जास्त लागते. महागावच्या अलीकडेच ती पदर तोंडाला लावून बसते. म्हणून माहेरचं लग्न असो, बारसं असो की कोणाची तेरवी, ती बाबांच्या मागं मोटारसायकलवर बसून जायची. एक हात बाबांच्या खांद्यावर, दुसऱ्या हातात मांडीवर धरलेली पिशवी. माहेर आणि ती गाडी या दोन गोष्टी तिच्यासाठी एकमेकींना जोडलेल्याच होत्या.

दोनेक वर्षांपूर्वी मी यवतमाळहून सुट्टीला घरी आले, तेव्हा पहिल्यांदा ते वाक्य ऐकलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "मी बसली की गाडी मिसिंग मारते." म्हणजे चालता चालता इंजिनाचा ठोका सुटतो, फट् होतं.

बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली न करताच सांगितलं की गाडीत काहीही बिघाड नाही. ते रोज सकाळी तिच्यावर शेताकडे जातात, एक ठोका चुकत नाही. आई म्हणाली, तुम्ही एकटे जाता. बाबा म्हणाले, गाडीला काय कळतं कोण बसलं ते. हे बोलणं मग दर सुट्टीला माझ्या कानावर पडायला लागलं. आधी त्यात थट्टा होती. शेजारच्या काकू आईच्या वजनावरून काहीतरी बोलल्या, आईही हसली. पण एकदा ती भर रस्त्यात, आठवडी बाजाराच्या गर्दीत, फटफट करणाऱ्या गाडीवरून उतरली आणि पायी घरी आली. त्यानंतर ती गाडीवर बसलीच नाही.

बाबांनी काही केलं नाही असं नाही. बसस्टँडच्या रस्त्यावर त्यांच्या ओळखीचा एक मेकॅनिक आहे. जवळच्या तांड्यावरचा, पन्नाशीचा, जुन्या गाड्यांवर जीव असलेला माणूस. त्यानं प्लग बदलला. कार्बोरेटर खोलून धुतला. ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटचं अंतर नीट केलं, कंडेन्सर नवा टाकला. दर वेळी गाडी दारात उभी करून किक मारली की ती अशी चालायची की बोलायला जागा नाही. तो एकटा चक्कर मारून यायचा आणि म्हणायचा, साहेब, एकदम ओके. शेवटी बाबांनी त्याला एकदा मागं बसवून नेलं. नाल्याजवळच्या खड्ड्यांत गाडीनं खरंच फट् करून झटके दिले. दोघं परत आले ते एक निष्कर्ष घेऊनच. दोन माणसांचं ओझं इंजिनाला आता पेलत नाही. पिस्टन घासलं, सिलिंडर बोअर करावा, म्हणजे आतून कोरून मोठा करावा लागेल, आणि या गाडीचं पिस्टन आता मिळेल तर नशीब.

मेकॅनिकचं म्हणणं चुकीचं होतं, पण वेडेपणाचं नव्हतं. जुनी गाडी, दोन माणसं, दम लागतो. कोणालाही पटेल असंच होतं ते. बाबांना पटलं, आणि त्यांनी गाडीची आशा सोडली.

कापूस वेचणीच्या दिवसांत मी पुन्हा घरी गेले तेव्हा बाबांनी सांगितलं की नागपूरचे एक गृहस्थ येत्या रविवारी गाडी बघायला येणार आहेत. त्यांना जुन्या गाड्या जमवायचा नाद आहे, माणूस चांगला वाटला, नीट सांभाळेल. हे सगळं ते खिडकीबाहेर बघत सांगत होते. मी आईकडे पाहिलं. ती गहू निवडत होती. तिनं मान वर केली नाही.

मी विचारलं, "काहून विकता, बाबा? तुमाले त चालते ना ती?"

ते खिडकीकडून वळले. मग म्हणाले, "मी एकटा कुठी जाऊ तिच्यावर? तुही माय बसत नाही आता."

मी यवतमाळला एका दवाखान्यात नर्स आहे, बाळंतपणाच्या वॉर्डात. तिथं मशीन्स आहेत, डॉक्टर आहेत, तरी नवीन बाई दाखल झाली की पहिलं काम असतं तिला विचारणं. कधीपासून दुखतं, कशानं वाढतं, कशानं कमी होतं. हे मला कॉलेजनं शिकवलं असं प्रमाणपत्रावर लिहिलेलं आहे, पण मी ते त्याच्या किती तरी आधी पाहिलं होतं. लहानपणी सुट्टीत बाबा मला गाडीच्या टाकीवर बसवून गावांत न्यायचे. गोठ्यात गेल्यावर ते आधी गायीला हात लावायचे नाहीत. घरच्या पुरुषमंडळींशी दोन शब्द बोलून सरळ त्या बाईकडे वळायचे जी तिचं दूध काढते. काल चारा किती खाल्ला, रवंथ करते का, कोणत्या कुशीवर बसते. पुरुष मधे बोलायला लागले तर बाबा हात वर करून त्यांना थांबवायचे.

त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी आईजवळ पाट घेऊन बसले आणि तिला विचारलं की गाडीचं नेमकं काय होतं ते मला सांग. ती आधी म्हणाली, जाऊ दे, आता विकूनच टाकत आहेत. मी म्हटलं, सांग तरी. कधीपासून?

"तुह्या बाबानं सीट नवी करून आणली ना, माह्या कंबरेसाठी, मऊ मऊ, तवापासून," आई म्हणाली.

बाबा दारातल्या खुर्चीत बसले होते. त्यांनी हसून न हसल्यासारखं केलं. सीट आणि इंजिन यांचा काय संबंध, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मी पुढं विचारलं, सारखंच होतं की कधी कधी? आई म्हणाली, चांगल्या रस्त्यावर काही नाही, हायवेवर गाडी मस्त जाते. स्पीडब्रेकर आला, खड्डा आला, की फट्. मोठा खड्डा असला तर दोनदा. मग मी तो प्रश्न विचारला जो मी रोज विचारते: "अन् काय केलं की कमी होते?"

आईनं डोळे बारीक केले. ती आठवत होती हे दिसत होतं. मग तिनं जे सांगितलं ते तिच्या शब्दांतच सांगायला हवं.

"एकदा नाल्यापाशी मले माहीत होतं का खड्डे येतात. म्हून म्या आधीच पाय रोवले फूटरेस्टवर अन् जराशी उठून बसली, अधांतरी. त सगळे खड्डे गेले, पण गाडी नाही फटफटली. मले वाटलं बरी झाली. अन् मी खाली बसली, का पुन्हा फट्."

बाबा खुर्चीतून उठले होते. पुढं येऊन आमच्या समोर उभे राहिले. त्यांनी विचारलं, हे तू मला का नाही सांगितलं? आई म्हणाली, तुम्ही कुठं विचारलं.

बाबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाला पुसला, पुन्हा घातला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "सारी नोकरी मी गोठ्यात बायांले इचारत राह्यलो. अन् घरातल्या बाईले नाही इचारलं." आई म्हणाली, मी काय गाय आहे का? आणि ती हसली, तेव्हा बाबाही हसले.

आईच्या बोलण्यात एक गोष्ट होती जी मला त्या क्षणी स्वच्छ दिसली. ती उठून बसली तरी गाडीवर दोन माणसांचं वजन तेवढंच होतं. कमी झालं होतं ते सीटवरचं. म्हणजे दोष ओझ्याचा नव्हता, इंजिनाचाही नव्हता. पण बाबांना नुसतं सांगून भागणार नव्हतं, आणि मलाही खात्री करून घ्यायची होती. मी म्हटलं, मी एकटी गाडी चढावर नेते. इंजिन कमजोर असेल तर तिथं कळेल.

ही गाडी मला चालवता येते, हे सांगताना मला अजूनही बरं वाटतं. अकरावीत असताना बाबांनी मला ती दिग्रस रोडवर शिकवली होती. तेव्हा आर्णीत मुली लुनासुद्धा चालवत नव्हत्या. पानठेल्यावरचे लोक उठून उभे राहून बघायचे. बाबांना कोणीतरी म्हणालं होतं की पोरीला कशाला. ते म्हणाले होते, तिचे पाय पोचतात म्हणून. आता कित्येक वर्षांनी मी ओढणी कमरेला बांधून किक मारली. पहिल्या दोन वेळा गाडीनं दाद दिली नाही, तिसऱ्यांदा तिनं तो जुना, भरलेला आवाज काढला आणि माझ्या अंगावर काटा आला.

गावाबाहेर जो चढ आहे तिथं मी तिला मुद्दाम वरच्या गिअरमध्ये ठेवली. कोणत्याही इंजिनाला ते जड जातं. गाडी हळू झाली, कण्हली, पण प्रत्येक ठोका पडत होता. एकही सुटला नाही. वर पोचून मी वळले, दुतर्फा कपाशीची शेतं पांढरी झाली होती, आणि मला अगदी मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. उतारावर वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलं तेवढं.

अंगणात येऊन मी गाडी स्टँडवर चढवली, पण बंद केली नाही. बाबांना म्हटलं, तुम्ही पुढं बसा. ते बसले. इंजिन संथ चालत होतं. मी त्यांच्या मागं बसले. काही झालं नाही. बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी आईला हाक मारली.

आई दारात उभी होती. ती आधी नाही म्हणाली. मग आली, चपला काढल्या, जणू देवळात जायचं आहे, आणि मी उतरून मोकळ्या केलेल्या जागेवर तिच्या नेहमीच्या पद्धतीनं एका बाजूला दोन्ही पाय करून बसली. हात बाबांच्या खांद्यावर. इंजिन चालूच. मी म्हटलं, आई, जरा उसळ. तिनं विचारलं, म्हणजे कसं? मी म्हटलं, खड्डा आल्यासारखी.

तिनं अंग उचलून खाली टेकवलं. फट्.

पुन्हा. फट्. सायलेन्सरमधून धुराचा एक पुंजका उडाला. शेजारच्या काकू कुंपणाजवळ आल्या. आईनं तिसऱ्यांदा केलं ते माझ्या सांगण्यावरून नाही, स्वतःच्या मनानं केलं, आणि या वेळी ती खाली बसूनच राहिली, सगळा भार टाकून, आणि गाडी गुदमरून बंद पडली.

"आता कोणाची चूक हाय सांगा," आई म्हणाली. पण ती रागानं नाही म्हणाली.

बाबा उतरले. त्यांनी सीटचे दोन्ही बोल्ट काढले आणि सीट उलटी करून ओट्यावर ठेवली. आम्ही तिघंही वाकून बघत होतो. सीटच्या खाली लोखंडी पत्रा असतो आणि तो चेसिसवर थेट टेकू नये म्हणून त्याला रबराच्या जाड चकत्या असतात. त्या चारही नव्हत्या. जुन्या चकत्यांचा कधीच भुगा झाला असणार, आणि सीट नवी करून बसवताना कोणाच्या लक्षात आलं नाही. पत्र्याची एक कड चकचकीत झाली होती, घासून घासून. तिच्या बरोबर खाली, चेसिसवर, प्लगला ठिणगी पुरवणारी कॉइल होती. कॉइलकडून पॉइंटकडे जाणाऱ्या काळ्या वायरवर एका जागी नखाएवढा तांब्याचा तुकडा उघडा पडला होता.

बाबांनी त्या जागेवर बोट ठेवलं. पत्रा वायरला लागला की प्लगची ठिणगी तिथल्या तिथं मरायची. एकटा माणूस पुढं बसला की सीट तेवढी खाली जायची नाही. माझ्यासारखी सडसडीत बाई मागं बसली तरी स्टँडवर नाही. आई बसली आणि खड्डा आला, की लागायची. आई चांगली ठसठशीत आहे, हे खरं आहे, पण त्या दिवशी तिचं ते वजन आमच्या किती कामाला आलं.

मी मेकॅनिकला फोन करून सीटखालच्या चकत्या गेल्याचं सांगितलं आणि बोलावलं. तो आला, सीट बघितली, वायर बघितली, कपाळाला हात लावला नाही की लाजला नाही. त्याला खरोखरचा आनंद झाला होता. त्यानं विचारलं, कोणी पकडलं हे? बाबांनी आईकडे बोट दाखवलं. तो आईला म्हणाला, "मावशी, म्या अख्खी गाडी खोलली, पण सीट नाही पाह्यली." मग त्यानं ती वायर काढून नवी टाकली, तिला प्लास्टिकची नळी चढवली आणि तिची वाट बदलून टाकीखालून नेली, पत्र्यापासून लांब. ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचा तुकडा तो सोबतच घेऊन आला होता. त्यातून त्यानं चार चकत्या कापल्या. एक थोडी जाड झाली होती, ती त्यानं ओट्यावर घासून बारीक केली. हे सगळं होईपर्यंत आई तिथंच उभी राहिली. चहा मला करावा लागला.

सीट बसवून झाली. आईला कोणी सांगितलं नाही, ती स्वतःच बसली. बाबांनी किक मारली. आई उसळली, पुन्हा उसळली, भार टाकून बसली. गाडी चालत राहिली. काकूंनी कुंपणापलीकडून टाळ्या वाजवल्या.

बाबांनी त्याच संध्याकाळी नागपूरच्या गृहस्थांना फोन लावला. मी शेजारीच होते. ते दिलगिरी व्यक्त करतील, काहीतरी कारण सांगतील असं मला वाटलं होतं. त्यांनी कारण सांगितलं ते असं: "गाडी नाही देत, भाऊ. तिच्यावर बसणारं माणूस घरात हाय." पलीकडचा माणूस हसला असावा, कारण बाबाही हसत फोन ठेवून आले.

रविवारी आई-बाबा फुलसावंगीला निघाले. मी माझी स्कूटी घेऊन मागं. हायवेवर ते पुढं आणि मी मागं, आईचा पदर कमरेत खोचलेला, पाठ ताठ. महागावच्या पुढं रस्ता खराब होतो. तिथं पहिला खड्डा आला तेव्हा मी श्वास रोखला. गाडी वर गेली, खाली आली, आणि तसाच भरलेला आवाज करत पुढं गेली. आईनं मागं वळून माझ्याकडे पाहिलं. तिनं हात हलवला नाही, काही नाही. नुसतं पाहिलं. अंगणवाडी सेविकांच्या बैठकीत, पन्नास बायकांसमोर, तिला पहिल्यांदा भाषण करायला सांगितलं होतं, आणि ते झाल्यावर तिनं असंच पाहिलं होतं, एवढं मला आठवतं.

मामाच्या अंगणात तूर वाळत घातली होती. गाडीचा आवाज ऐकून मामा, मामी, सुना सगळे बाहेर आले. इतक्या दिवसांनी आई गाडीवरून उतरताना दिसली याचंच त्यांना आश्चर्य. मामानं विचारलं, दुरुस्त झाली का? बाबा काही बोलायच्या आत आईनं बाज ओढली, बसली, आणि सुरुवातीपासून सांगायला लागली. तिनं मऊ सीटपासून सुरुवात केली. नाल्याजवळचे खड्डे आले. ती अधांतरी बसली ते आलं. मी विचारलेले प्रश्न तिनं जसेच्या तसे सांगितले, मला तेवढं श्रेय दिलं, पण उसळायची गोष्ट आल्यावर ती बाजेवरून उठून करून दाखवायला लागली आणि बाज करकरली. तिनं सांगितलेली वायर आमच्या वायरीपेक्षा बरीच जाड होती आणि ठिणग्याही जास्त उडत होत्या. मी बाबांकडे पाहिलं, ते दुरुस्ती करतील म्हणून. ते दाराच्या चौकटीला टेकून उभे होते आणि प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. मामीनं आतून पाणी आणलं तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

मामा म्हणाला, म्हणजे ताई, एवढे मेकॅनिक झाले आणि तू शोधलं?

"हाव," आई म्हणाली, आणि पाण्याचा पेला घेतला.